मण्यांची पारख

मागं आमच्या गटानं सेवाग्रामला येणाऱ्या पाहुण्यांना लाल माळा ‘अकीक’ म्हणून विकल्या. निघाली काच! मान खाली घालून पैसे परत केले.

आता आम्ही आधी पारखतो. काच हाताला थंड, जड लागते. प्लास्टिक हलकं, लगेच कोमट होतं. उजेडात धरलं की काचेत कधी बारीक बुडबुडे दिसतात. सुटा अकीक मणी काचेच्या तुकड्यावर घासला तर ओरखडा उठतो.

अकीक घडवण्यात गुजरातचं खंभात नावाजलेलं. पण आपल्या नागपूरजवळच्या माहुरझरीतही दीड हजार वर्षांपूर्वी असे मणी घडत होते.

म्हणून आजीची जुनी पोत भांड्यावर देऊन टाकू नका, आधी पारखा. आणि विकताना चिठ्ठीवर खरं लिहा. काच असेल तर काच. काचेची माळही विकली जाते. गेलेला विश्वास मात्र परत ओवता येत नाही.