श्वासाच्या वाटेने औषध



 मिरज हे गाव दवाखान्यांचं आणि तंतुवाद्यांचं. जवळच वानलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम उभं राहिलं, तेव्हा फुप्फुसाला देण्यासारखं होतं ते मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार. आज या परिषदेत आपण औषधच हवेतून थेट फुप्फुसात पोचवण्यावर बोलणार आहोत.

हा विषय मला का जवळचा, ते सांगतो. माझे एक रुग्ण तंबोऱ्याची जवारी लावणारे कारागीर. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी त्यांना अनेक महिने अमिकासिनची इंजेक्शनं द्यावी लागली. जीव वाचला. नंतर तपासणीला आले तेव्हा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, खोकला गेला, पण तारेतली जवारी कानाला लागत नाही." अमिकासिन आधी उंच स्वर हिरावून नेतं, आणि जवारी म्हणजे तर त्या उंच स्वरांचीच झळाळी. दुखणं छातीत होतं, किंमत कानाने मोजली. क्षयरोगात आता इंजेक्शनांची जागा बहुतांशी गोळ्यांनी घेतली आहे. पण क्षयाच्या जंतूंच्या भाऊबंदांसाठी, म्हणजे मायकोबॅक्टेरियम ॲव्हियम गटासाठी, अमिकासिन आजही हाताशी लागतं.

कान सांभाळून ते फुप्फुसात पोचवण्याची वाट 1964 साली प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणातून निघाली. केंब्रिजजवळच्या बाब्रहॅम इथे ॲलेक बँगहम आणि रॉबर्ट हॉर्न यांनी पाण्यात मिसळलेलं लेसिथिन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. त्या स्निग्ध पदार्थाचे पापुद्रे आपोआप मिटून पोकळ गोळे झाले होते. तेच लिपोसोम. त्यांच्या पोटातल्या पाण्यात अमिकासिन भरता येतं. फुप्फुसासाठीचे हे गोळे सुमारे 0.3 मायक्रोमीटरचे असतात. त्यांच्या भिंतीतलं मुख्य फॉस्फोलिपिड आपल्या वायुकोशांच्या अस्तरातही असतं, त्यामुळे फुप्फुसाला ते परकं नाही. नेब्युलायझरच्या वाफाऱ्यातून ते आत उतरतात आणि मॅक्रोफेज पेशी त्यांना गिळतात. जंतू दडून बसतात ते याच पेशींत. शत्रूच्या घरातच औषध पोचतं, आणि रक्तात त्याचं प्रमाण कमी राहतं.

या स्वरूपातल्या अमिकासिनला 2018 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या रुग्णांत त्यांच्या जोडीला हे दिलं, तेव्हा सहा महिन्यांत शंभरातल्या 29 जणांची थुंकी जंतुमुक्त झाली. नुसत्या नेहमीच्या औषधांवर हे प्रमाण सुमारे 9 होतं. म्हणजे अजून बहुसंख्य रुग्ण बाकी आहेत. आवाज बसतो, खोकला येतो, काहींना धाप लागते, आणि कानावर लक्ष ठेवावंच लागतं. त्याच वर्षी लिपोसोममधल्या सिप्रोफ्लॉक्सासिनला मात्र मान्यता नाकारली गेली, कारण दोन चाचण्यांचे निकाल जुळले नाहीत. या अपयशाचाही इथे मोकळेपणाने अभ्यास व्हावा.

आपल्याकडे हे ज्ञान नवं नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी लिपोसोममधल्या ॲम्फोटेरिसिनवर काम केलं. तरीही 2021 मध्ये काळ्या बुरशीच्या साथीत त्याच प्रकारच्या इंजेक्शनसाठी नातेवाईक चिठ्ठी हातात घेऊन दुकानोदुकानी फिरत होते. ती धावपळ आपण सगळ्यांनी पाहिली आहे. औषध पेशीपर्यंत पोचवण्याइतकंच ते तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत, परवडेल अशा दरात पोचवणं मोलाचं आहे. म्हणून या परिषदेत छातीविकारतज्ज्ञांसोबत औषधनिर्माणशास्त्रज्ञ, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि कानाचे डॉक्टरही आवर्जून बोलावले आहेत. चर्चासत्रांत एकमेकांना अडचणीचे प्रश्न विचारा, ही यजमानाची विनंती.

  सायंकाळी सवड काढून सतारमेकरांच्या गल्लीत अवश्य जा. तिथे कुणी तार छेडली की क्षणभर थांबून ऐका, आणि पुढच्या रुग्णाचा खोकला जाईल तेव्हा हा नादही त्याच्यापाशी राहील, असं काम इथून घेऊन जा.