पिस्तुलाचें काडतूस रायफलींत

बापाचा अंगरखा पोरानें अंगावर चढविला म्हणजे घरांत हंशा पिकतो. परंतु बाह्या दुमडून तेवढ्यापुरतें काम भागतें. यंत्राला मात्र बाह्या दुमडून चालत नाहीं. एका मापासाठीं घडविलेल्या यंत्रांत दुसऱ्या मापाचा जिन्नस घातला म्हणजे काय होतें, याचें एक बोधप्रद उदाहरण शस्त्रांच्या इतिहासांत सांपडतें. तें म्हणजे हातानें बोल्ट मागेंपुढें करून चालविण्याच्या रायफलींत पिस्तुलाचें काडतूस घालण्याचा प्रयत्न.

असा खटाटोप कोणीं कां करावा? अमेरिकेंत लांब बंदूक व आंखूड शस्त्र यांना एकच काडतूस वापरण्याची हौस जुनी आहे, आणि तिचें कारण निव्वळ सोय. विंचेस्टर कंपनीच्या १८७३ च्या रायफलीचें काडतूस पुढें कोल्ट कंपनीच्या रिव्हॉल्व्हरांतही चालूं लागलें, तेव्हां रानोमाळ हिंडणाऱ्या माणसास एकाच जातीचीं काडतुसें बाळगून दोन्ही शस्त्रें वापरतां आलीं. दुसऱ्या महायुद्धांत इंग्रजांना पिस्तुलाचें काडतूस रायफलींत हवें झालें तें निराळ्या कारणासाठीं. त्यांना बंदूक हवी होती, पण तिचा आवाज नको होता.

ही बंदूक विल्यम गॉडफ्रे डी लाइल या इंग्रज कल्पकानें तयार केली. इंग्रजी लष्कराची नेहमींची रायफल ली-एन्फील्ड. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर पुष्कळ वर्षें दिसलेली ‘थ्री-नॉट-थ्री’ ती हीच. तिची गोळी सेकंदाला सुमारें ७४० मीटर वेगानें जाते. ध्वनीचा वेग सुमारें ३४० मीटर. ध्वनीहून वेगवान गोळी हवा चिरतांनाच फटकाऱ्यासारखा आवाज करते, आणि नळीच्या तोंडाशीं कितीही बंदोबस्त केला तरी तो दबत नाहीं. उलट पॉइंट ४५ या अमेरिकन पिस्तुलाची गोळी वजनानें सुमारें १५ ग्रॅम, म्हणजे चांगलीच जड, आणि तिचा वेग सेकंदाला सुमारें २५० मीटर. म्हणून डी लाइलनें ली-एन्फील्डचा सांगाडा घेऊन त्यावर पॉइंट ४५ ची नळी चढविली, नळीभोवतीं आवाज जिरविणारें जाड नळकांडें बसविलें आणि खालीं १९११ च्या कोल्ट पिस्तुलाची पेटी जोडली. आपोआप भरणाऱ्या शस्त्राचे भाग गोळी सुटतांच खडखडतात. हातानें चालविण्याचा बोल्ट माणसाच्या मर्जीपर्यंत मिटलेला राहतो. अशा दीडशेहूनही कमी बंदुका निघाल्या आणि कमांडो सैनिकांच्या हातीं गेल्या.

आतां मापें पाहावीं. थ्री-नॉट-थ्रीचें काडतूस ७८ मिलिमीटर लांब. पिस्तुलाचें अवघें ३२. पहिल्याच्या बुडाचा कांठ पुंगळीच्या अंगाबाहेर आलेला, १३.७ मिलिमीटर व्यासाचा. दुसऱ्याचा कांठ अंगाबरोबरच, १२.२ मिलिमीटरांचा, आणि त्याच्या पुढें एक खांच. नळीच्या मागील तोंडाशीं काडतूस बसण्याची जागा, म्हणजे कोठी, असते. तींत पहिलें काडतूस आपल्या कांठावर अडून थांबतें, दुसरें पुंगळीच्या तोंडाच्या धारेवर. लांबी, पकड आणि टेकण्याची जागा, या तिन्ही गोष्टी निराळ्या.

पहिली अडचण आंत जाण्याची. पेटींतील स्प्रिंग काडतूस वर लोटते, पेटीचे दोन ओठ तें धरून ठेवतात, आणि बोल्ट पुढें जातांना तें ओठांतून निसटून कोठींत शिरतें. रायफलीचें काडतूस बाटलीसारखें गळ्याशीं निमुळतें असतें. पुढची गोळी सुमारें ८ मिलिमीटरांची आणि कोठीचें तोंड जवळजवळ १२. नरसाळ्यांत दोरी सोडावी तसें तें आंत जातें. पिस्तुलाची गोळी साडेअकरा मिलिमीटरांची आणि तिची कोठी बाराची. गोळीचें टोंक गोल असेल तर तें घसरून जातें. चपटें असेल तर कोठीच्या कडेला अडण्याचा संभव फार. शिवाय काडतूस आंखूड. पेटी व कोठी यांमधील वाट थोडी जरी लांबली, तरी त्याची पाठ ओठांतून सुटते आणि नाक अद्याप कोठींत पोहोंचलेलें नसतें. त्या क्षणीं त्याला कोणाचाच आधार नसतो, आणि तें नाक वर करून तिरपें अडकतें.

मूळच्या पिस्तुलांत हा प्रसंग सहसा येत नाहीं. तेथें स्प्रिंगचा झटका दर वेळीं जवळजवळ सारखा असतो, आणि पेटींतून वर येतांनाच काडतुसाचा कांठ आंकड्याखालीं सरकतो. रायफलींत सारी मदार माणसाच्या हातावर. तो कधीं जोरांत चालतो, कधीं कचरतो, कधीं अर्ध्या वाटेंत थबकतो. काडतूस कोठींत लोटलें पण बोल्ट पुरता मिटविला नाहीं, तर आंकडा कांठावर बसलेला नसतो. मग बोल्ट मागें घेतला तरी तें आंतच राहतें, आणि मागून आलेलें दुसरें काडतूस त्याच्या पाठीवर आपटतें.

दुसरी अडचण बाहेर येण्याची. कोठींतून पुंगळी सुटणें हें त्यांतल्या त्यांत सोपें; बोल्टचा दांडा वर उचलतांना जी तरफ लागते ती तिला हिसका देऊन मोकळी करते. खरी अडचण पुढेंच असते. पुंगळीची लांबी २३ मिलिमीटर. तेवढें अंतर मागें आल्यावर ती कोठीबाहेर पडते. रायफलीचा बोल्ट मात्र त्याहून बराच लांब मागें जातो, आणि पुंगळीला बाहेर उडविणारी खुंटी त्या प्रवासाच्या शेवटीं असते. तोंवर ती केवळ आंकड्याच्या एका नखावर लोंबकळते. कांठ १३.७ ऐवजीं १२.२ मिलिमीटरांचा, म्हणजे प्रत्येक बाजूस पाऊण मिलिमीटर कमी. आंकडा तेवढा आंत वांकविला नाहीं, तर पुंगळी वाटेंतच गळून पेटीच्या तोंडावर पडते आणि पुढच्या काडतुसाची वाट अडविते.

येथेंच या बंदुकीचा खरा पेंच दिसतो. खुंटीवर पुंगळी किती जोरानें आपटते यावर ती किती दूर उडते हें अवलंबून. बोल्ट झटक्यानें ओढला तर पुंगळी उडते, पण पोलाद पोलादावर वाजतें. आवाज होऊं नये म्हणून सावकाश ओढला तर पुंगळी उडत नाहीं, तेथल्या तेथें पडते. पहारेकऱ्यापासून थोड्या अंतरावर अंधारांत दबा धरून बसलेल्या सैनिकाला यांपैकीं एक धोका पत्करावाच लागे. पहिली गोळी कोणास ऐकूं गेली नाहीं, तरी दुसरी वेळेवर सुटेल कीं नाहीं हें त्या नखावर ठरत असे.

रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांची गोष्ट आणखी निराळी. १९३५ मध्यें निघालेलें पॉइंट ३५७ मॅग्नम घ्या. त्याचा कांठ अंगाबाहेर आलेला असतो. अशीं काडतुसें एकावर एक रचतांना वरच्याचा कांठ खालच्याच्या कांठामागें गेला, तर बोल्ट वरचें पुढें लोटतांना दोन्ही एकमेकांत अडकतात. यावर रुगर कंपनीनें आपल्या बोल्ट रायफलींत फिरती पेटी योजिली. तींत प्रत्येक काडतुसास स्वतंत्र खण असतो, म्हणून कांठाला कांठ भिडतच नाहीं. दोष काडतुसाचा नव्हता, त्याला दिलेल्या जागेचा होता.

पिस्तुलाचें काडतूस रायफलीच्या मानानें दुबळें; तेव्हां भक्कम रायफलीस तें सहज पेलावें, असें प्रथमदर्शनीं वाटतें. नळी त्याचा दाब सहज सोसतेही. परंतु यंत्राचें काम बळावर चालत नाहीं, तें जुळणीवर चालतें. पेटीचे ओठ, आंकड्याचें नख आणि उडविणारी खुंटी हे तीन चिमुकले भाग नव्या मापास जुळविले, तरच तो दणकट सांगाडा उपयोगीं पडतो. न जुळविले, तर तो केवळ लोखंडाचा भार होतो.