वरच्या शिवाराचे देणे



वर्ध्यात बसून निसर्गाच्या उपकारांविषयी बोलायचे, तर घरच्या नळापासून सुरुवात करावी. शहराला पाणी धाम नदीचे. येळाकेळी आणि पवनारहून ते उचलले जाते. वर आर्वी तालुक्यात महाकाळीचे धरण आहे आणि त्याच्याही वर झुडपी जंगले, कुरणे, बरड. आपण जे पाणीबिल भरतो, ते पंपाचे, जलवाहिनीचे, शुद्धीकरणाचे. पावसाचा मारा अंगावर घेऊन गाळ अडवणाऱ्या त्या उताराच्या नावे त्यात एक पैसाही नसतो. तो उतार राखणाऱ्या गावांच्या नावेही नसतो. आज मला या न फेडलेल्या देण्याविषयी बोलायचे आहे.

आपला जिल्हा काळ्या कातळावर वसलेला. माती कुठे वीतभर, कुठे पुरुषभर. कातळात पाणी मुरते ते भेगाभेगांतून, सावकाश, आणि त्याला तेवढी उसंत मिळते पाचोळ्यामुळे, गवतामुळे. उघड्या बरडावर पडलेली सर माती घेऊनच नाल्यात उतरते आणि धरणात गाळ होऊन बसते. झाडे लावली की नदी वाहू लागते, असे मात्र मी म्हणणार नाही. झाडेही पाणी पितात. भलत्या जागी दाट लावली, तर विहिरीचे पाणी खाली जाऊ शकते. म्हणून झाडांइतकेच मला गवत महत्त्वाचे वाटते. सरकारी कागदांत कुरणाला ‘पडीक’ म्हणतात आणि आपल्या निसर्गलेखनातही त्याला फारशी जागा मिळालेली नाही, ही आपली मोठी उणीव आहे.

याच गवतावर आर्वी, आष्टी, कारंजा या तालुक्यांतल्या नंदगवळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गवळाऊ जनावर राखले. पांढरे, हलक्या बांध्याचे, चपळ; बैल गाडीला नावाजलेला. कारंज्याजवळ हेटीकुंडीला या जातीच्या पैदाशीचे सरकारी केंद्र आहे. वर्ध्याचे उद्योगपती जमनालाल बजाज यांनीही १९४१-४२ मध्ये, आयुष्याच्या अखेरच्या महिन्यांत, गोसेवेलाच वाहून घेतले होते. पवन्या, मारवेल ही गवते चरून आलेल्या गाईचे दूध होते, दुधाचा खवा होतो आणि शेणखत कपाशीच्या वावरात पडते. ज्या गवतावर धाम तगते, त्याच गवतावर गोठा आणि वावरही तगतात. आता त्या रानांत तरोटा आणि रानतुळस माजले आहेत. गुरे त्यांना तोंड लावत नाहीत.

आपल्याकडच्या बोरच्या जंगलाला १९७० मध्ये अभयारण्याचा, २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. गाभा जेमतेम १३८ चौरस किलोमीटरचा. वाघ हवाच, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. वाघाच्या धाकाने बोर धरणाभोवतीचा साग, ऐन, बांबू टिकला आहे, आणि त्या धरणाचे पाणी सेलू तालुक्यातल्या शेतांना मिळते. पण जंगल राखायचे म्हणून जंगलकाठच्या गवळ्याची चराई आक्रसली. वाघाने मारलेल्या जनावराच्या भरपाईची तरतूद आहे. हातून गेलेल्या कुरणाचा हिशेब कोण ठेवतो? कालव्याचा लाभ खाली, चराईची झळ वर, ही वाटणी मला अन्यायाची वाटते.

२००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने तेराशेहून अधिक तज्ज्ञांनी जगभरच्या परिसंस्थांचा ताळेबंद मांडला. अन्नपाण्यापासून पूर-हवामानाच्या नियमनापर्यंत आणि मनाच्या विसाव्यापर्यंत निसर्ग माणसाला काय काय पुरवतो, याची विभागणी त्यात आहे. ते काम मोठेच. पण त्यामागचा विचार वर्ध्याला नवा नव्हता. अखिल भारत ग्रामोद्योग संघ १९३४ मध्ये स्थापन झाला आणि त्याचे काम वर्ध्याच्या मगनवाडीत अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी उभे केले. पुढे तुरुंगात लिहिलेल्या आणि १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या ग्रंथात त्यांनी मधमाशीचे उदाहरण घेतले: फुलाकडून घेता घेता ती फुलाचे काम करून जाते. तुरीच्या फुलोऱ्यात हे आपल्या बांधावरून दिसते. दत्तपूरच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने आग्या मोहोळाचा केवळ मधाचा भाग कापून पिलाव्याला हात न लावण्याची पद्धत रुजवण्यासाठी काम केले. जाळून काढलेल्या मोहोळातून मध एकदाच मिळतो. राखलेल्या मोहोळाकडून मधही मिळतो आणि शेंगाही.

अशा जाणतेपणाची नोंद ठेवायला वाव देणारा जैवविविधता कायदा २००२ चा. त्याच्या आधारे गावोगाव लोक जैवविविधता नोंदवह्या झाल्या, पण त्यांतल्या कितीतरी कार्यालयात बसून भरल्यासारख्या वाचायला मिळतात. कोणते गवत कोणत्या नक्षत्रात कोवळे असते, कोणता झरा उन्हाळ्यात कोणत्या महिन्यापर्यंत टिकतो, कोणते रान कोणत्या वर्षापासून तरोट्याने व्यापले, हे गवळ्याला आणि मध काढणाऱ्याला ठाऊक आहे. आपण लिहिणारी माणसे. त्यांच्याजवळ बसून, त्यांच्याच बोलीत, त्यांच्या संमतीने हे टिपणे आपले काम आहे. त्या नोंदींवर हक्क ग्रामसभेचा राहील.

आणि आता एक मागणी. शहराच्या पाणीपट्टीतला ठरावीक हिस्सा धामच्या वरच्या शिवारातील कुरणांसाठी वेगळा काढावा: तरोटा उपटायला, पवन्याचे बी पेरायला, पाळीपाळीने चराई ठेवणाऱ्या गावांना मोबदला द्यायला. तो खर्च कसा व्हावा, हे त्याच गावांच्या ग्रामसभांनी ठरवावे. दुपारच्या सत्रात हा ठराव मी स्वतः मांडणार आहे. कारंजा आणि आर्वीकडून आलेल्या मंडळींनी त्यावर आधी बोलावे आणि मसुद्यात बदल सुचवावेत, अशी माझी विनंती आहे.