संधिवाताची औषधे : वार पाळा, तपासणी टाळू नका
(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा पाठ)



सांधे दुखू लागले की ‘वाताचा विकार’ म्हणून तो अंगावर काढण्याची रीत महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत जुनी आहे. परंतु सांधेदुखी सारी एकाच जातीची नसते. उतारवयात गुडघ्यांची झीज होऊन येणारे दुखणे वेगळे आणि वैद्यकशास्त्र ज्याला ‘ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ म्हणते तो संधिवात वेगळा. या दुसऱ्या विकारात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच स्वकीय व परकीय यांतील भेद विसरते आणि सांध्यांच्या आतील अस्तरावर हल्ला चढविते. हातापायांच्या बोटांचे लहान सांधे आणि मनगटे दोन्ही अंगांना सारखीच सुजतात. सकाळी उठल्यावर तास तास मूठ वळत नाही. वेळीच उपचार न झाल्यास सांधे कायमचे वाकडे होतात.

पुरुषांच्या मानाने स्त्रियांत हा विकार सुमारे तिपटीने अधिक आढळतो आणि तोही बहुधा ऐन कर्त्या वयात. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये सुरू झालेल्या सर्वेक्षणात प्रौढांमध्ये या विकाराचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का आढळले. याच हिशेबाने दोन हजार प्रौढांच्या गावात दहाजणांना तो असू शकतो. भाकरी थापणारे, खुरपे धरणारे, फळ्यावर लिहिणारे हात जायबंदी होणे म्हणजे काय, हे सांगावयास नको.

उपचाराचा बदललेला मार्ग

पूर्वी या रोगावर केवळ वेदनाशामक औषधांची मलमपट्टी होत असे. १९४८ मध्ये अमेरिकेत डॉ. फिलिप हेंच व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्टिझोनचा प्रयोग केला आणि खिळलेले रुग्ण चालू लागले. या संशोधनास १९५० चे नोबेल पारितोषिक लाभले. परंतु स्टेरॉइड वर्गातील या औषधाचे दुष्परिणामही लवकरच उघड झाले.

आज या विकाराच्या उपचाराचा कणा म्हणजे मेथोट्रेक्सेट होय. या औषधाच्या इतिहासात एका भारतीयाचे नाव आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव हे अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत संशोधनप्रमुख होते. त्यांच्या पथकाने फॉलिक आम्लाचे आणि त्याच्या कार्यास विरोध करणाऱ्या द्रव्यांचे संशोधन केले. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट प्रथम कर्करोगावर वापरले गेले. पुढे १९८८ मध्ये अमेरिकेने संधिवातासाठी त्यास मान्यता दिली. कर्करोगावर ते मोठ्या मात्रेत दिले जाते, संधिवातात मात्र अगदी अल्प मात्रेत. तेव्हा ‘ही तर कर्करोगाची गोळी’ म्हणून घाबरून ती टाकून देण्याचे कारण नाही.

आठवड्यातून एकदाच

सर्वांत मोठा धोका मात्र येथेच दडलेला आहे. संधिवातात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते, रोज नव्हे. बहुतेक गोळ्या रोज घेण्याची सवय जडलेली असते. चिठ्ठीवरील अक्षर दुर्बोध असते. घरातील वाचता येणारी व्यक्ती ‘एक गोळी’ एवढेच वाचते आणि वृद्ध आईला ती इमानाने रोज देते. औषध शरीरात साचत जाते. काही दिवसांतच तोंड सोलवटते, ताप येतो, रक्तातील पेशी घटतात. अशा चुकीने रुग्ण दगावल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत.

यास्तव काही नियम कटाक्षाने पाळावेत. गोळीचा वार ठरवून घ्यावा आणि तो चिठ्ठीवर पूर्ण अक्षरांत लिहून मागावा. गावाच्या आठवडी बाजाराचा वार कोणी विसरत नाही. डॉक्टरांची हरकत नसल्यास तोच वार धरणे सोयीचे. गोळी घेतल्याबरोबर भिंतीवरील दिनदर्शिकेत त्या तारखेस खूण करावी. ही गोळी २.५, ५, ७.५, १० अशा निरनिराळ्या मिलिग्रॅमच्या मात्रांत मिळते. म्हणून नवी पट्टी आणली की नाव व आकडा जुन्या पट्टीशी ताडून पाहावा आणि फरक दिसल्यास विचारल्यावाचून गोळी घेऊ नये. ठरलेला वार चुकला तर दोन दिवसांच्या आत गोळी घेता येते. त्याहून उशीर झाल्यास पुढील वाराची वाट पाहावी. चुकलेल्या मात्रेची भरपाई म्हणून दुप्पट गोळ्या कदापि घेऊ नयेत.

या औषधासोबत फॉलिक आम्लाची गोळी देतात. मळमळ, तोंड येणे यांसारखे त्रास तिने कमी होतात. ती कोणत्या दिवशी घ्यावयाची हेही लिहून घ्यावे आणि दोन्ही गोळ्या वेगवेगळ्या डब्यांत ठेवाव्यात. चुकून रोज मेथोट्रेक्सेट घेतले गेल्याचे ध्यानात आले, तर रुग्णास बरे वाटत असले तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. यावर उताऱ्याचे औषध आहे, पण ते वेळेवर मिळाले पाहिजे.

तपासणी आणि धोक्याच्या खुणा

मेथोट्रेक्सेटचा गुण येण्यास सहा ते बारा आठवडे लागतात. चार दिवसांत उतार नाही म्हणून औषध सोडणे आणि बरे वाटले म्हणून तपासणी सोडणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच घातक. रक्तपेशी, यकृत व मूत्रपिंड यांची तपासणी आरंभी काही आठवड्यांनी आणि पुढे सामान्यतः दोन-तीन महिन्यांनी करावी लागते. यकृतावर दुहेरी भार पडत असल्याने मद्य वर्ज्य मानावे.

तोंडात व्रण, ताप, घशाची तीव्र दुखी, अंगावर निळे डाग, कावीळ, कोरडा खोकला वा धाप यांपैकी काहीही दिसल्यास पुढील गोळी थांबवून डॉक्टरांकडे जावे. अन्य आजारासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना सर्व पट्ट्या सोबत न्याव्यात. कारण कोट्रायमोक्साझोलसारखे नेहमीचे जंतुनाशकही मेथोट्रेक्सेटबरोबर घातक ठरू शकते.

गर्भारपणी मेथोट्रेक्सेट घेतल्यास गर्भास गंभीर इजा होते. अपत्याची इच्छा असणाऱ्या स्त्रीने ती डॉक्टरांना आधीच सांगावी; हे औषध किमान तीन महिने अगोदर बंद करून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन किंवा सल्फासालाझिनसारखी पर्यायी औषधे देता येतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दीर्घकाळ घेणाऱ्यांनी डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करून घेत राहावे.

पुडीचा मोह

‘एका पुडीत दुखणे पळाले’ अशी कीर्ती ऐकू आली की सावध व्हावे. अशा निनावी पुड्यांत व गोळ्यांत न सांगता मिसळलेले स्टेरॉइड आढळल्याची उदाहरणे आहेत. स्टेरॉइड हे उपयुक्त औषध आहे. परंतु बेहिशेबी घेतल्यास मधुमेह व रक्तदाब वाढतात, हाडे ठिसूळ होतात. दीर्घकाळ घेऊन एकाएकी बंद केल्यास प्राणावर बेतू शकते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावे लागते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या दुखणे दडपतात, रोग थांबवीत नाहीत. निरनिराळ्या नावांच्या दोन गोळ्या एकत्र घेतल्यास जठरात रक्तस्राव होण्याची व मूत्रपिंड बिघडण्याची भीती अधिक. काळी शौचास होणे ही त्याची खूण.

गावाचे काम

वेष्टनावर उभी लाल रेघ असलेले औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घ्यावयाचे नसते, एवढी एक गोष्ट शिक्षकांनी वर्गात सांगितली तरी ती घराघरांत पोहोचेल. आजीची चिठ्ठी वाचणारा बहुधा शाळेत जाणारा नातूच असतो. पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत हा विषय घ्यावा. आशा सेविकेने गृहभेटीत ‘ही गोळी कोणत्या वारी घेता?’ एवढे जरी विचारले, तरी एखादा जीव वाचू शकेल. औषधाच्या दुकानदारानेही पट्टी हाती देताना ‘आठवड्यातून एकदाच’ हे शब्द मोठ्याने उच्चारावेत.

संधिवात समूळ जात नसला तरी तो आटोक्यात राहू शकतो आणि रुग्ण आपला संसार, आपले काम पूर्ववत करू शकतो. मात्र तोच उपाय अजाणतेपणी अपाय होऊ नये, यासाठी वार, मात्रा आणि तपासणी या तिन्ही गोष्टींची जाण रुग्णाइतकीच त्याच्या भोवतालच्या सुशिक्षितांनी ठेवली पाहिजे.