मैदानाला घरपण कशानं येतं?

२००२ साली दक्षिण कोरिया आणि जपान यांनी मिळून फुटबॉलचा विश्वचषक भरवला. त्यासाठी कोरियानं दहा शहरांत मोठी मैदानं उभारली. त्यांच्या रचनेत स्थानिक खुणाही आणल्या. सोलच्या मैदानाचं छत पारंपरिक पतंगासारखं, तर हातपंख्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जोंजूचं छत उघडलेल्या पंख्यासारखं. पण छतावर खूण उमटली म्हणून मैदान लोकांचं होतं का?

देगू शहराचंच पाहा. विश्वचषकाच्या मैदानात सुमारे ६६ हजार आसनं आणि मधे धावपट्टी. साखळी सामन्याला आलेली माणसं त्या पसाऱ्यात हरवून जात. २०१९ साली देगू एफसी हा संघ जुन्या नागरी मैदानाच्या जागी बांधलेल्या, जेमतेम बारा हजार आसनांच्या मैदानात आला. इथं पहिली रांग खेळाडूंच्या अगदी जवळ. पायाखाली अ‍ॅल्युमिनियमची जमीन; सगळ्यांनी एकदम पाय आपटले की सारं मैदान दणाणून जातं. पहिल्याच वर्षी अनेक सामन्यांची तिकिटं संपली.

आन्यांगची गोष्ट याहून बोलकी आहे. २००४ साली तिथला व्यावसायिक संघ सोलला हलवण्यात आला आणि एफसी सोल झाला. आन्यांगचं मैदान जागच्या जागी होतं, पण ज्याच्यासाठी तिथं जायचं तो संघच उरला नाही. चाहत्यांनी हट्ट सोडला नाही. अखेर २०१३ मध्ये नगराच्या पाठबळावर एफसी आन्यांग हा नवा संघ त्याच मैदानात उतरला. त्याचा रंग जांभळा, तिथल्या द्राक्षांचा. २०२४ मध्ये दुसऱ्या श्रेणीत अव्वल येऊन तो प्रथमच वरच्या श्रेणीत गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये सोलच्या मैदानावर या दोन संघांचा पहिला साखळी सामना झाला. सोल २-१ असा जिंकला. पण आन्यांगच्या चाहत्यांना आपल्या गावाचं नाव घेऊन तिथं उभं राहता आलं.

मला वाटतं, वास्तू वास्तुविशारद उभी करतो. तिला घरपण येतं ते वर्षानुवर्षांच्या येण्याजाण्यानं. बाप मुलाला त्याच पायऱ्यांवर घेऊन येतो, शेजारच्या आसनावरचा माणूस ओळखीचा होतो. संघ हलवणाऱ्यांच्या हिशेबात हे येण्याजाणं कुठंच मांडलेलं नसतं. आन्यांगकरांना ते परत मिळवायला नऊ वर्षं लागली.