शेवाळाचे तेल आणि खानापूरचे ऊन



मलप्रभेच्या काठी, खानापुरात भरलेल्या शैवालाच्या परिषदेचं स्वागताध्यक्षपद एका कौलवाल्याकडे यावं, ही गंमतच. पावसाळा सरला की कौलांवरचं शेवाळ खरवडण्यात आमचा जन्म गेला. तुम्ही संशोधक मंडळी ते मुद्दाम वाढवता!

या मुलखाला हा विषय मात्र नवा नाही. एन. डी. कामत यांनी कोल्हापूरच्या शैवालांची सविस्तर नोंद 1963 सालीच प्रसिद्ध केली. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी देशातल्याच गोड्या पाण्यातून पेशीबाहेर हायड्रोकार्बन साठवणारं बोट्रिओकोकस हे शैवाल वेगळं काढलं.

शैवालातून तेल काढण्याचं घोडं कुठे अडतं, ते तुम्ही जाणताच. नायट्रोजन तोडला की पेशी तेल साठवते, पण वाढायची थांबते. टक्का चढतो, टाकीतलं एकूण तेल वाढेलच असं नाही. 2017 मध्ये सिंथेटिक जिनॉमिक्स आणि एक्झॉनमोबिल या कंपन्यांच्या संशोधकांनी नॅनोक्लोरॉप्सिस या शैवालातलं एक नियामक जनुक मंद केलं आणि स्निग्धांशाकडे जाणारा कार्बन 20 टक्क्यांवरून 40 ते 55 टक्क्यांवर नेला, तोही वाढ फारशी न घटवता. अर्थात, प्रयोगशाळेत.

म्हणून यजमान या नात्याने एकच विनंती. टक्के सांगाल तेव्हा दर चौरस मीटरला रोज किती ग्रॅम तेल, हेही सांगा. आणि तेही आमच्या हवेत. कणकुंबी-जांबोटीकडे भर पावसाळ्यात उघडी टाकी नुसत्या पावसानेच भरून वाहील. पण उन्हाचे आणि उसाच्या गाळपाचे महिने आमच्याकडे जुळतात. डिस्टिलरीत मळी आंबताना निघणारा कार्बन डायऑक्साइड जवळजवळ शुद्ध असतो, आणि किलोभर शैवालाला तो सुमारे 1.8 किलो लागतो. डिस्टिलरीच्या सांडपाण्यात, म्हणजे स्पेंटवॉशमध्ये, खत आहे, पण तो इतका काळा, की तसाच ओतला तर उजेड आत शिरायचा नाही. तो किती पातळ करायचा आणि त्यासाठी पाणी कुठून आणायचं, यावर आमचे ऊसवाले तुम्हाला जेवणाच्या पंगतीतही गाठतील. मांडे खाता खाता उत्तरं द्या.

उद्या सकाळी सातला कणकुंबीची बस सुटेल. शैवालाचे नमुने तिथल्या देवळाच्या तीर्थातून घेऊ नका, खालच्या ओढ्यातून घ्या. बाटल्या ज्याच्या त्याने आणायच्या आहेत.