फौजीची बायको आणि काडीमोड

(तासगाव येथील महिला मेळाव्यातील भाषण)



सातारा-सांगलीत पलटणीची परंपरा जुनी आहे. साताऱ्याच्या अपशिंगे गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ चिकटलंय. फौजीच्या आईचा, विधवेचा आपण सत्कार करतो. फौजीने टाकलेल्या बाईला मात्र कोणी विचारत नाही. ऐंशीच्या दशकात इंदूताई पाटणकरांसारख्या कार्यकर्त्यांनी आपल्या जिल्ह्यात परित्यक्तांचा प्रश्न पुढे आणला. त्यातलीच ही एक बाजू.

माझ्याकडे आलेल्या एका बाईने सतरा वर्षं सासू-सासरे, जनावरं आणि द्राक्षबाग सांभाळली. नवरा सुट्टीवर आला तो कागद घेऊनच. “सही कर, पोरांचं मी बघतो.” त्या एका सहीने काय जातं?

घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की कुटुंब निवृत्तिवेतनावरचा बायकोचा हक्क संपतो. ईसीएचएसचे उपचार आणि कँटीन कार्डही जातं. मुलांचे हक्क मात्र नियमांप्रमाणे राहतात. अमेरिकेत १९८२च्या कायद्यामुळे कोर्ट सैनिकाच्या पेन्शनमध्ये घटस्फोटित पत्नीला वाटा देऊ शकतं. आपल्याकडे तशी तरतूद नाही. म्हणून एकरकमी पोटगी, घर, मुलांचा खर्च हे सगळं हुकूमनाम्यातच लिहून घ्या. “पुढे काही मागणार नाही” या ओळीखाली सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

मग हातात काय उरतं? पुष्कळ उरतं.

लग्न टिकून आहे तोवर पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरकडे अर्ज करता येतो. लष्कर कायदा १९५०, कलम ९० अधिकाऱ्यांसाठी, ९१ जवान-सुभेदारांसाठी. त्यानुसार नवऱ्याच्या पगारातून बायकोला जास्तीत जास्त २२ टक्के आणि प्रत्येक मुलाला साडेपाच टक्के, मिळून ३३ टक्क्यांपर्यंत कापून मिळू शकतात.

घटस्फोटानंतरही, पुन्हा लग्न केलं नसेल आणि स्वतःचा खर्च भागत नसेल, तर पोटगी मागता येते. जुनं कलम १२५ आता, १ जुलै २०२४ पासून, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहे. नवरा काश्मिरात असो की आसामात, अर्ज तुम्ही राहता तिथल्या कोर्टात करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा खटल्यात सांगितलंय की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. म्हणून अर्जाला उशीर नको. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली हुकूमनाम्यानंतरही कायम पोटगी मागता येते.

आणि स्टँप पेपरवर, पंचांसमोर लिहिलेला काडीमोड? तशी रूढी कोर्टात सिद्ध झाल्याशिवाय तो टिकत नाही. तोवर तुम्ही कायदेशीर पत्नी आहात. त्याने दुसरी घरात आणली, म्हणून तुमचा हक्क तिच्याकडे जात नाही.

बायांनो, आज घरी गेल्यावर नवऱ्याचा सर्व्हिस नंबर, पलटण आणि रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता वहीत लिहून ठेवा. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. लग्नाची नोंद पार्ट टू ऑर्डरमध्ये झाली आहे का, तेही पाहा. माहिती मिळत नसेल तर सांगलीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. एकटीने जायला बिचकत असाल तर मंडळातल्या दोघींना सोबत न्या.

तो सीमेवर होता तेव्हा घर तुम्ही राखलं. पोटगी ही त्याची मेहेरबानी नाही, तुमचा हक्क आहे.